जहाजावर न्यायच्या सिनेमांसाठी सॉफ्टवेअर कोणतं, फॉरमॅट कोणता?

तुमचा प्रश्न असा: मर्चंट नेव्हीच्या पहिल्या करारावर सहा महिन्यांसाठी निघायचंय. जहाजावर घरच्यांशी मेसेजवर बोलण्यापुरतं इंटरनेट मिळेल, सिनेमे पाहण्याइतकं नाही. सोबत दादाचा जुना लॅपटॉप आहे: चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १३६६ × ७६८ चा स्क्रीन, ५०० जीबीच्या हार्डडिस्कवर साधारण ३०० जीबी मोकळी, विंडोज १०. घरी वडिलांनी जमवलेल्या साठेक डीव्हीडी, पंचवीसेक व्हीसीडी आणि ताईच्या लग्नाची कॅमेरामनने दिलेली मोठी फाइल आहे. हे सगळं त्या लॅपटॉपवर बसवायचंय. मित्रांनी पाच सॉफ्टवेअरं आणि सात फॉरमॅट सुचवले, कुणी म्हणालं ‘अख्खा सिनेमा ३०० एमबीत बसतो’, आणि तुम्ही गोंधळलात.

लग्नाच्या चित्रीकरणाचं आणि जुन्या कॅसेटी, डिस्क संगणकावर उतरवून द्यायचं काम मी २००५ पासून करतोय. त्या अनुभवावरून उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. सॉफ्टवेअर एकच घ्या, व्हिडिओ दाबून लहान फाइल करणारं हँडब्रेक. चित्र दाबायची पद्धत एच.२६४, आवाजाची एएसी स्टिरिओ, आणि दोन्ही ज्यात ठेवायचं ती फाइल एमकेव्ही. आकाराचा आकडा ठरवू नका, दर्जाचा आकडा ठरवा. आणि व्हीसीडींना हात लावू नका, त्या आहेत तशा कॉपी करा.

आता ३०० एमबीचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. फाइलचा आकार म्हणजे दर सेकंदाला लागणारे बिट गुणिले सेकंद. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे ९,००० सेकंद. ३०० एमबी त्यात वाटले की सेकंदाला जेमतेम २६७ किलोबिट हाती येतात, आणि त्यातूनच आवाजही काढायचा. तुमच्या घरच्या व्हीसीडीवर चित्र ३५२ × २८८ एवढंसं असतं, तरी नुसत्या चित्रासाठी सेकंदाला १,१५० किलोबिट दिलेले असतात. व्हीसीडीचं तंत्र जुनं, एमपेग-१ चं, एच.२६४ त्याहून खूपच काटकसरी आहे हे खरं. पण चित्र कितीतरी पटींनी मोठं करायचं आणि बिट चौथाईहून कमी द्यायचे, म्हटल्यावर कुठेतरी कात्री लागणारच. ती लागते अंधारातल्या प्रसंगांना, पावसाला, गर्दीला आणि चेहऱ्यांच्या बारकाव्यांना.

मुळात तुम्हाला एवढं पिळायची गरजच नाही. साठ डीव्हीडी सरासरी साडेपाच जीबीच्या धरल्या तर ३३० जीबी होतात, म्हणजे आहे तशा त्या मावणार नाहीत. पण नीट दर्जा राखून दाबल्या तर माझ्या अनुभवात अडीच तासांची डीव्हीडी एक ते दीड जीबीत येते. साठांचे झाले ६० ते ९० जीबी. पंचवीस व्हीसीडींचे वीसेक जीबी, लग्नाचे तीन-चार. तुमच्या ३०० जीबीपैकी निम्मी जागा उरते. जागा असताना चित्राचा बळी देऊ नका.

फॉरमॅट निवडताना पहिला प्रश्न ‘सगळ्यात चांगला कोणता’ हा नसतो. सिनेमा कोणत्या यंत्रावर बघायचाय हा असतो. एच.२६४ हे मानक २००३ चं. एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, २०१३ चं, आणि एव्ही१ २०१८ चं. प्रत्येक नवं मानक त्याच दर्जाला कमी जागा घेतं, मित्रांनी त्यात खोटं काही सांगितलेलं नाही. पण दाबलेली फाइल बघताना दर सेकंदाला पंचवीस वेळा उलगडावी लागते, आणि ते काम प्रोसेसरमधला खास भाग करतो की सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो यावर पुढचं सगळं ठरतं. इंटेलच्या चौथ्या पिढीत एच.२६४ उलगडायची वेगळी सोय आहे. एचईव्हीसीची पूर्ण सोय सहाव्या पिढीपासून आली, त्यातल्या १०-बिट प्रकाराची सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. तुमच्या लॅपटॉपवर एचईव्हीसी अजिबात चालणार नाही असं नाही. लहान आकाराचं चालेल. पण पंखा घोंघावेल, बॅटरी भराभर उतरेल आणि मोठ्या फाइलीचं चित्र अडकत अडकत पुढे सरकेल. केबिनमध्ये ड्यूटीनंतर अंथरुणावर पडून बघायला तो लॅपटॉप थंड राहिलेला बरा. एव्ही१ मध्ये फाइल तयार करायलाच जुन्या आय३ वर इतका वेळ लागेल की निघायच्या दिवसापर्यंत दहा सिनेमेही होणार नाहीत.

उद्या नवा लॅपटॉप घेतलात तर माझं उत्तर बदलेल. अकराव्या पिढीच्या पुढचा इंटेल असेल तर एचईव्हीसी बिनधास्त वापरा. आज मात्र एच.२६४.

एमपी४ की एमकेव्ही, हा वाद लोक चित्राच्या दर्जाचा समजतात. तो तसा नाही. ही दोन्ही नुसती पाकिटं आहेत. आतलं चित्र तेच एच.२६४, आवाज तोच एएसी. एका पाकिटातून काढून दुसऱ्यात घालायला मिनिटभर लागतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही. मी तुम्हाला एमकेव्ही सांगतो त्याला दोन कारणं. एक, सबटायटल. तुमच्याबरोबर केरळचे, फिलिपिन्सचे सहकारी असतील. मराठी सिनेमा त्यांना दाखवायचा तर डीव्हीडीवरची इंग्रजी सबटायटल लागतील. डीव्हीडीवर ती अक्षरं म्हणून नसतात, छोटी चित्रं म्हणून असतात, आणि ती चालू-बंद करता येतील अशी ठेवायला एमकेव्ही जास्त भरवशाचं. दुसरं कारण आपल्याकडच्या लाइटचं. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे अगदी शेवटी लिहिली जाते. रात्रभर काम लावलं, नव्वद टक्के झालं आणि लाइट गेली, तर ती एमपी४ उघडतच नाही. एमकेव्हीचं जेवढं लिहून झालंय तेवढं बहुतेक वेळा बघता येतं, त्यामुळे कुठवर आलं होतं, काय बिघडलं होतं हे तरी कळतं. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणाल, पण जुन्या लॅपटॉपची बॅटरी असं जड काम फार वेळ ओढत नाही.

आता हँडब्रेक. २००३ मध्ये एरिक पती या प्रोग्रामरने ते सुरू केलं, १.० आवृत्ती २०१६ च्या डिसेंबरात आली, आणि ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, शिवाय फुकट आणि जाहिरातींशिवाय. उतरवायचं ते फक्त त्यांच्या अधिकृत साइटवरून, हँडब्रेक डॉट एफआर वरून. हे मी मुद्दाम बजावतो. २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्या डाउनलोडच्या एका सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं आणि मॅकसाठीच्या फाइलीच्या जागी घातक सॉफ्टवेअर ठेवलं. प्रकल्पाच्या लोकांनी ते स्वतः जाहीर केलं आणि फाइल तपासायच्या खुणाही दिल्या. खुद्द अधिकृत ठिकाणी असं होऊ शकतं, तर ‘फ्री कन्व्हर्टर’ म्हणून शोधल्यावर समोर येणाऱ्या भलत्यासलत्या साइटचं काय सांगावं. विंडोजवर हँडब्रेकला मायक्रोसॉफ्टचा डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम लागतो. मागितला तर तोही मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या.

एफएफएमपेग का नाही, असं कुणीतरी विचारेल. मी रोज तेच वापरतो, पण ते आदेश टाइप करून चालवायचं साधन आहे. हँडब्रेक आतून त्याच कुटुंबातल्या गोष्टी वापरतं आणि वर बटणं देतं. तुम्हाला साठ सिनेमे करायचेत, शास्त्र शिकायचं नाही.

डीव्हीडीपासून सुरुवात करू. तुमच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह कुणाकडून तरी आठवडाभर मागून आणा. डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसली की पडलेला ओरखडा मार्गाच्या दिशेनेच जातो आणि वाचायला जास्त त्रास देतो. मग डिस्कवरचं ‘व्हिडिओ टीएस’ हे अख्खं फोल्डर आधी हार्डडिस्कवर कॉपी करा आणि हँडब्रेकला ते फोल्डर द्या, डिस्क नको. घासलेली डिस्क वाचताना ड्राइव्ह अडखळतो. एन्कोडिंग, म्हणजे दाबायचं काम, दोन तास चालून तिथे अडण्यापेक्षा कॉपी करतानाच कळलेलं बरं. सिनेमा झाला, तपासला, की त्याचं फोल्डर उडवा, म्हणजे जागाही तुंबत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हँडब्रेक कुलूपबंद डिस्क उघडत नाही, आणि ती उघडायची युक्ती मी सांगणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणं हा त्यानुसार गुन्हा आहे. ज्या डिस्क सरळ वाचल्या जातात त्या घ्या. ज्या नाहीत, ते सिनेमे एखाद्या अॅपवर असतील तर त्या अॅपच्याच डाउनलोडच्या सोयीने निघण्यापूर्वी उतरवून घ्या. मात्र त्यांना मुदत असते, ती पाहून ठेवा.

फोल्डर उघडलं की हँडब्रेक डिस्कवरची ‘टायटल’ मोजतं. सगळ्यात लांब ते बहुधा सिनेमा, बाकी जाहिराती आणि ट्रेलर. मग प्रीसेटमधून, म्हणजे तयार सेटिंगच्या यादीतून, ‘फास्ट ५७६पी२५’ निवडा. आपल्याकडच्या बऱ्याचशा डीव्हीडी पाल पद्धतीच्या, ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून हाच. ७२०पी निवडून चित्र मोठं करायच्या फंदात पडू नका. मुळात जे तपशील नाहीत ते आकार वाढवून येत नाहीत, फाइल तेवढी फुगते. स्क्रीनभर ताणायचं काम प्लेअर करतोच.

पुढे ‘डायमेन्शन्स’. हँडब्रेक काळ्या पट्ट्या आपोआप कापतं, आणि ते बरंच. पण ते मोजक्या फ्रेम तपासून ठरवतं. सिनेमात रात्रीचे प्रसंग जास्त असतील तर काळोखालाच पट्टी समजून चित्राची कड कापलेली मी पाहिली आहे. प्रीव्ह्यूत चार-सहा ठिकाणं बघा, डोकी आणि पाय शाबूत आहेत ना ते. काही डिस्कवर इंग्रजी ओळी चित्रातच, खालच्या काळ्या पट्टीत छापलेल्या असतात. तिथे कापणी बंदच ठेवा.

‘फिल्टर्स’मध्ये इंटरलेस ओळखण्याची सोय मुळात चालू असते, ती तशीच ठेवा. माणूस हात हलवतो तेव्हा कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात, ते इंटरलेसिंग. नाटकांच्या आणि दूरदर्शनवरून उतरवलेल्या डिस्कमध्ये ते हमखास असतं, सिनेमाच्या डिस्कमध्ये क्वचित. तुमच्या वडिलांच्या संग्रहात नाटकं असतील तर प्रीव्ह्यूत रेषा उरल्यात का हे जरूर बघा, आणि उरल्या असतील तर डीइंटरलेसमध्ये ‘यॅडिफ’ निवडा. त्याच पानावर ‘ग्रेस्केल’ अशी एक खूण आहे. कृष्णधवल सिनेमांसाठी ती लावा. जुन्या प्रतींवरून केलेल्या डिस्कमध्ये काळ्यापांढऱ्यावर हिरवट-जांभळट झाक तरंगते; ती जाते, आणि नसलेले रंग साठवण्यात बिट वाया जात नाहीत. चित्रातले दाणे घालवायचा ‘डीनॉइज’ मात्र मी टाळतो. दाणे जातात, पण त्यांच्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि लुगड्याचा पोतही जातो. जुना सिनेमा दीडऐवजी दोन जीबी झाला तरी होऊ दे.

‘व्हिडिओ’च्या पानावर खरा निर्णय आहे. एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४). खाली दोन पर्याय दिसतील, एक ठरावीक दर्जा आणि दुसरा सरासरी बिटरेट. दर्जा निवडा. त्याचा आकडा म्हणजे ‘आरएफ’. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी मी २० ठेवतो. आकडा सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते, सहाने घटवला की दुप्पट, एवढा अंदाज पुरे. दर्जा ठरवून दिला की सॉफ्टवेअर शांत संवादाच्या प्रसंगाला थोडे बिट देतं आणि मारामारीला भरपूर. उलट आकार ठरवून दिला की सिनेमा कसाही असो, तेवढ्यातच कोंबतं. एका बैठकीच्या खोलीत घडणारा सिनेमा ८०० एमबीत देखणा राहतो, नाचगाण्यांचा सिनेमा दीड जीबी मागतो. हे सिनेमाच सांगतो, आपण आधी ठरवू शकत नाही.

फ्रेमरेट मुळातलाच ठेवा. वेगाच्या पट्टीवर ‘फास्ट’ किंवा ‘मीडियम’. एन्कोडरच्या यादीत ‘क्यूएसव्ही’ असंही एखादं नाव दिसू शकेल. ती प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडून काम करून घ्यायची वाट. वेग भरपूर मिळतो, पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी होते, आणि जुन्या पिढ्यांत तो फरक जास्तच जाणवतो. रात्री झोपताना काम लावायचंय, तर घाई कशाला? सातआठ सिनेमे ‘अॅड टू क्यू’ने रांगेत लावा आणि लॅपटॉप टेबलावर, मागून हवा खेळेल असा ठेवा. गादीवर नको. शेजारी कुणाकडे बरा डेस्कटॉप असेल तर एन्कोडिंग तिथे करा आणि फाइली आणा. फाइल कुठे बनली याने काही फरक पडत नाही.

आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि जहाजावर नेमका तोच नडतो. डीव्हीडीवर बऱ्याचदा ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा आवाज असतो, सेकंदाला ४४८ किलोबिटचा. अडीच तासांत त्याचेच ५०४ एमबी होतात. एएसी स्टिरिओ १६० किलोबिटला केलात तर १८० एमबी. हेडफोनला दोनच कान असतात, म्हणजे नुसत्या आवाजात तीनशेहून जास्त एमबी वाचले, आणि चित्राला धक्का नाही. पण ५.१ चा स्टिरिओ करताना एक अडचण येते: संवाद हळू येतात आणि पार्श्वसंगीत अंगावर येतं. संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात, ते दोन कानांत वाटले जाताना दबतात. इंजिनाची सततची घरघर त्यावर आली की कुजबूज ऐकूच येत नाही. हँडब्रेकच्या ऑडिओत ‘डीआरसी’ नावाचा आकडा आहे, तो १.५ ते २ करा. हळू आवाज वर येतो, मोठा आवाज आवरला जातो. तो डीव्हीडीवरच्या एसी३ प्रकारच्या आवाजावरच चालतो, तुमच्या कामाला तेवढं पुरे. दिवाणखान्यातल्या मोठ्या स्पीकरसाठी मी हे कधी करत नाही, केबिनमधल्या हेडफोनसाठी नक्की करेन. एका डिस्कवर मराठी आणि हिंदी असे दोन आवाज असतील तर हवा तेवढाच घ्या.

व्हीसीडींचं आता. त्यांच्यावर ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमध्ये ‘डॅट’ शेपटीची एक मोठी फाइल असते. ती कॉपी करा, सिनेमाचं नाव आणि १, २, ३ असा क्रमांक द्या, झालं. व्हीएलसी हा प्लेअर ती सरळ वाजवतो. मिनिटाला साधारण दहा एमबी पडतात. पुन्हा दाबून फार तर निम्मी जागा वाचेल, म्हणजे पंचवीस डिस्कमागे दहाएक जीबी, आणि आधीच पुसट असलेलं चित्र आणखी पुसट होईल. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या तेव्हा घराघरांत असे संग्रह झाले. तुमच्या वडिलांचाही बहुधा त्याच दिवसांतला. त्यातल्या काही मराठी सिनेमांची याहून चांगली प्रत आज शोधून सापडत नाही, म्हणून त्या जशा आहेत तशाच जपा.

ताईच्या लग्नाच्या फाइलीवर जरा थांबतो, कारण हे माझं रोजचं काम. कॅमेरामनची फाइल फुल एचडी, सेकंदाला २५ मेगाबिटच्या आसपास असेल तर तीन तासांचे जवळपास ३४ जीबी होतात. तुमचा स्क्रीन ७६८ ओळींचा, म्हणून ‘फास्ट ७२०पी’चा प्रीसेट घ्या. फक्त आरएफ किती ठेवायचा ते अंदाजाने ठरवू नका. अंतरपाट धरलेला आहे, ‘शुभमंगल सावधान’ होतं आणि अक्षता पडतात, ती तीस सेकंदं काढा. दाबण्याचं सगळं तंत्र मागच्या फ्रेममधलं जे तसंच आहे किंवा थोडं सरकलंय ते पुन्हा न साठवण्यावर उभं आहे. अक्षतांचा प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने जातो, मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखता येत नाही. बिट कमी पडले की पहिल्यांदा तिथेच चौकोन उमटतात, शालूच्या जरीकाठाचा चिखल होतो आणि मंगलाष्टकं ऐकताना डोळे पुसणाऱ्या आईचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो. दुसरी जागा वरातीची, रात्रीची. काळ्या आभाळात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसायला लागतात.

हँडब्रेकमध्ये टायटलशेजारी ‘रेंज’ असते. ‘चॅप्टर्स’च्या जागी ‘सेकंद्स’ करा, अक्षतांची तीस सेकंदं द्या आणि आरएफ १९, २१, २३ अशा तीन फाइली बनवा. पाच-दहा मिनिटांचं काम. त्याच लॅपटॉपवर, पूर्ण स्क्रीनवर, नेहमीच्या अंतरावरून बघा. ज्या आकड्याला जरीकाठ अजून जरीकाठ दिसतो तो तुमचा आकडा. मला बहुतेक लग्नांत २१ वर थांबावं लागतं. तीन तास मग तीनेक जीबीत येतात. फाइल १०८०पी ठेवायचा मोह होईल, पण त्या स्क्रीनवर ते जास्तीचे तपशील दिसणारच नाहीत. आणि फोनवर कुणी ४के काढलं असेल तर तेही याच रीतीने ७२०पी करून घ्या. फोनच्या अशा फाइली बऱ्याचदा एचईव्हीसीत असतात, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर मुळातल्या धड चालणारच नाहीत.

मूळ फाइल मात्र पुसू नका. हे सांगताना मला आजही जड जातं. २००९ मध्ये आमच्या आजीच्या ओव्या मी मिनी-डीव्ही टेपवर घेतल्या होत्या. सगळ्या नातेवाइकांना वाटता याव्यात म्हणून एका सीडीत मावेल अशी ७०० एमबीची फाइल केली, त्या दिवसांत तीच रीत होती, आणि टेप दुसऱ्या कामाला वापरली. आजी गेल्यानंतर ती फाइल मोठ्या टीव्हीवर लावली. जात्याच्या खुंट्यावरचे तिचे हात हलतात तेव्हा बोटं वेगळी दिसत नाहीत, नुसता एक डाग फिरतो. आवाज आहे, हात नाहीत. दाबताना टाकलेला तपशील कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, आणि दाबलेली फाइल पुन्हा दाबली की नुकसानीवर नुकसान चढतं. म्हणून लग्नाचे ते ३४ जीबी बाहेरच्या हार्डडिस्कवर घरी राहू द्यात, आणि शक्य असेल तर दुसऱ्या एका डिस्कवरही. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी असतील तर त्यांचंही तसंच करा. स्टुडिओने घरी लिहिलेल्या डिस्कचा थर छापील डिस्कपेक्षा लवकर खराब होतो.

बघण्यासाठी व्हीएलसी. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते आलं, २००१ पासून मुक्त आहे, आणि वर सांगितलेल्या सगळ्या फाइली त्यात चालतात. फाइली उलगडायचे वेगळे सॉफ्टवेअर-संच, म्हणजे कोडेक पॅक, बसवू नका. त्यातून दुखणीच जास्त येतात. देवनागरी सबटायटलची एखादी एसआरटी फाइल असेल आणि अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली, तर ती नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून जतन करा. अक्षरं चौकोनी दिसली तर व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये फाँट ‘निर्मला यूआय’ करा.

कामाचा क्रम असा ठेवा. आज एक डीव्हीडी पूर्ण करा, आणि ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बघा. ओठ आणि आवाज शेवटपर्यंत जुळतायत का, सबटायटल चालू-बंद होतात का, पंखा किती फिरतो. ती नीट उतरली की तीच सेटिंग स्वतःचा प्रीसेट म्हणून जतन करा आणि बाकीच्या रांगेत लावा. रोज रात्री पाच-सहा झाल्या तरी दोन आठवड्यांत साठ होतात. सगळं झालं की आणखी एक संच पेनड्राइव्हवर किंवा छोट्या एसएसडीवर घ्या, कारण फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क जहाजाच्या सततच्या थरथरीत किती टिकेल सांगता येत नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ वर असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेणार नाही. आधी एक्सफॅटवर फॉरमॅट करून घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी वाय-फाय बंद करून, चार्जर काढून, तुम्ही नेणार आहात त्याच हेडफोनवर एक सिनेमा सलग लावा. अॅपवर उतरवलेलेही त्याच वेळी उघडून बघा. काही अडलं तर घरी असतानाच मला लिहा, कोणती डिस्क आणि कोणता आकडा लावला होता तेवढं सांगा.